तीन नंबरचं बेअरिंग

ज्योतीरामने तळहात इंजिनावर ठेवला. इंजिन थंडगार होतं, आणि त्याला वाईट वाटलं.

गरम लागलं असतं तर काम तिथंच संपलं असतं. जुना जनरेटर विकणारे लोक गिऱ्हाईक यायच्या आधी तासभर मशीन चालवून ठेवतात. मग सकाळचं अडखळणं, पहिला धूर, काहीच गिऱ्हाइकाच्या नजरेला पडत नाही. म्हणून ज्योतीराम मशीनकडे बघायचा नंतर, आधी हात लावायचा. कोमट जरी लागलं तरी "उद्या येतो" म्हणायचा आणि पिशवी उचलायचा. आज त्याला नेमकं तेच हवं होतं. पण मालोजीने मशीनला काल संध्याकाळपासून कुणाला शिवू दिलं नव्हतं.

"थंड आहे ना, काका?" जयमालाने विचारलं.

"आहे," ज्योतीराम म्हणाला.

जयमालाचं कुरुळीत कँटीनचं स्वयंपाकघर होतं. दोन कंपन्यांना तिच्याकडून जेवण जायचं, आणि एक तारखेपासून तिसरी, सगळ्यांत मोठी कंपनी मिळायची होती. बाराशे ताटं, तीन शिफ्ट. चपात्या मशीनवर. कंपनीची अट एकच होती: स्वतःचा जनरेटर हवा आणि तो तपासून घेतल्याचा रिपोर्ट हवा. लाइट गेली म्हणून जेवण उशिरा आलं, हे कारण एकदाही चालणार नाही, असं त्यांनी तिला लिहून दिलं होतं. म्हणून ती निघोज्याला मालोजीच्या यार्डात आली होती, हातात फाइल घेऊन, आणि मशीनमधलं काही कळत असल्यासारखी त्याच्याभोवती फिरत होती.

"मालोजीभाऊच म्हणाले बरं का," ती म्हणाली. "आधी ज्योतीराम काकांना दाखवा. ते हो म्हणाले तरच न्या."

ज्योतीरामने मान हलवली. हे त्याला माहीत होतं, आणि तेच त्याला सलत होतं. त्याच्याकडे येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांच्या तोंडी हेच वाक्य असायचं.

अठरा वर्षं दोघं पिंपरीतल्या एकाच कंपनीत मेंटेनन्सला होते. मालोजी आला तेव्हा त्याला पाना कुठल्या बाजूने फिरवायचा हेही कळत नव्हतं. ज्योतीरामने त्याला हाताला धरून शिकवलं. इंजिनाच्या अंगाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाला लावायची, आणि एकेका सिलेंडरचं म्हणणं ऐकायचं. मालोजीला कधीच धड ऐकू आलं नाही. "मला सगळी सारखीच वाटत्यात, वस्ताद," तो म्हणायचा. पुढे कंपनी बंद पडली. मालोजीच्या घरची जमीन बरीचशी एमआयडीसीत गेली होती, पण रस्त्याला लागून तुकडा उरला होता. त्यावर त्याने शेड टाकली, जुने जनरेटर घेऊन, दुरुस्त करून विकायला लागला. ज्योतीरामची जमीन लातूरकडे, तीही भावाभावांत वाटलेली, आणि तिथून कुठलाच मोठा रस्ता जात नव्हता. तो दापोडीतल्या दोन खोल्यांत राहिला आणि तपासणीची कामं करू लागला. "जमीन त्याची, कान माझा," तो बायकोला म्हणायचा. "कानावर शेड टाकता येत नाही."

मालोजीच्या मुलीच्या लग्नातून आल्यावर रुक्मिणी एकदा म्हणाली होती, "पण माणूस चांगलाय हो. सगळ्यांदेखत तुमच्या पाया पडला." त्या दिवशी ज्योतीराम जेवला नव्हता.

"करू का चालू?" मालोजीने विचारलं. तो पॅनलपाशी उभा होता. शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा. अलीकडे त्याला हात काळे करावे लागत नसत.

"थांब."

ज्योतीरामने काही सोडलं नाही. ऑइलची पट्टी काढून दोन बोटांत ऑइल चोळलं, त्याचा वास घेतला. रेडिएटरचं पाणी बघितलं. पट्टे दाबून बघितले. मग गुडघ्यावर बसून खालून टॉर्च मारली. ऑइलच्या टाकीच्या बोल्टांवर कारखान्यात ओढलेल्या पिवळ्या रंगाच्या रेघा जशाच्या तशा होत्या, एकही तुटलेली नव्हती. म्हणजे हे इंजिन जन्माला आल्यापासून कुणी खालून उघडलेलं नव्हतं. तासांच्या मीटरवर सहा हजार दोनशे होते, आणि मशीनची झीज बघता ते खरे होते. मालोजीने असं मशीन कुठून मिळवलं देव जाणे. ज्योतीरामला ते मशीन आवडलं, आणि आवडलं म्हणून त्याचा राग आणखी वाढला.

"कर चालू."

पहिल्याच झटक्याला इंजिन उठलं. धूर एकदा काळसर आला आणि निवळला. ज्योतीरामने ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढून उलटं करून तसंच वर ठेवलं. आतून दाब येत असेल तर ते झाकण नाचतं, उडून पडतं. इथे ते ठेवलं तसं बसून राहिलं. जयमाला वाकून बघत होती.

"हे काय बघता, काका?"

"इंजिन म्हातारं झालंय का ते."

"झालंय?"

"नाही."

मग मालोजीने लोड द्यायला सुरुवात केली. लोड म्हणजे पाण्याची मोठी टाकी आणि तिच्यात सोडलेले हीटर. एकेक स्विच टाकला की मशीनवर तेवढा भार वाढत जायचा. कंपनीत असताना ज्योतीरामनेच या टाकीचं चित्र काढलं होतं, बिडीच्या बंडलाच्या कागदावर. साहेबाने ते बघितलंसुद्धा नव्हतं. मालोजीने तो कागद जपून ठेवला, आणि यार्ड टाकल्यावर पहिलं काम टाकीचं केलं. आता चाकणभर लोक म्हणायचे, मालोजीकडे मशीन लोडवर चालवून दाखवतात, बाकी सगळे नुसती भुर्रभुर्र ऐकवतात.

पाव लोड. अर्धा. पाऊण. व्होल्टेजचा काटा किंचित हलायचा आणि जागेवर यायचा. ज्योतीरामने हात वर केला, मालोजीने उरलेले सगळे स्विच एकदम टाकले. इंजिन क्षणभर दबलं, घसा खाकरल्यासारखं केलं आणि भार पेलून पुन्हा एकसारखं चालू लागलं.

ज्योतीरामने स्क्रूड्रायव्हर काढला. एक नंबर. दोन. तीन. चार. डोळे मिटून, सावकाश. चारही सिलेंडर एका सुरात होते. असा आवाज त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्याने डोळे उघडले तेव्हा समोर मालोजी उभा होता, पांढऱ्या शर्टात, आणि त्याच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नव्हता. जयमाला त्याला सांगत होती, "तुमचा शब्द म्हणजे शब्द हो भाऊ, सगळेच म्हणतात."

ज्योतीराम पुन्हा वाकला. स्क्रूड्रायव्हर तीन नंबरवर ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

"तीन नंबरला आवाज आहे," तो म्हणाला.

कुठलाही आवाज नव्हता.

"कसला?" जयमाला म्हणाली.

"खालचं बेअरिंग. आत्ता नाही जाणार. पण एखाद्या दिवशी भर लोडवर जाम होईल, आणि मग अख्खं इंजिन जाईल."

मालोजीने पॅनलकडे पाहिलं. तिथे ऑइल प्रेशरचा काटा चारवर, म्हणजे हवा तिथेच होता. बेअरिंग ढिलं झालं की पहिल्यांदा ऑइलचा दाब पडतो. ही गोष्ट मेंटेनन्सला लागलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कळते, आणि मालोजीला ती ज्योतीरामनेच सांगितली होती. मालोजीने काट्याकडे पाहिलं, मग ज्योतीरामकडे. ज्योतीराम स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसत होता. तो आधीच स्वच्छ होता.

"वस्ताद म्हणत्यात तर असंल," मालोजी म्हणाला आणि मशीन बंद केलं. "ताई, हे मशीन आज तुमाला देत न्हाई. खोलतो. आठ दिस द्या."

"भाऊ, एक तारीख आली हो."

"एक तारखेच्या आत देतो. तवर माझं भाड्याचं मशीन लावा, दोन कंपन्यांचं भागंल. पण ह्यांनी न्हाई म्हणल्यालं मशीन माझ्या दारातनं भाईर जात न्हाई."

जयमालाने फाइल मिटली. तिचा चेहरा उतरला होता, तरी जाताना तिने ज्योतीरामला हात जोडले. "वाचवलंत काका," ती म्हणाली.

बसमध्ये दापोडीपर्यंत ज्योतीरामला बरं वाटत होतं. मालोजीचं मशीन, आणि त्यात दोष. हे वाक्य त्याने मनात चार-पाच वेळा म्हणून बघितलं. घरी आल्यावर मात्र रुक्मिणीने विचारलं, "कसं होतं मशीन?" आणि पिशवी ठेवता ठेवता तो थांबला. चोवीस वर्षं लोकांची मशीनं तपासताना तो कधी खोटं बोलला नव्हता. विकणाऱ्यांनी पाकिटं पुढे केली, दमदाटी केली, तरी नाही. आणि आज कुणी काही न देता, न मागता, एका इस्त्रीच्या शर्टापायी तो बोलून गेला होता.

"काय सांगू, बरं होतं," तो म्हणाला आणि चप्पल घालून पुन्हा बाहेर पडला.

फोन सातव्या दिवशी आला. "वस्ताद, झालंय. उद्या या, पुन्ना बघा." मालोजीच्या आवाजावरून काहीच कळलं नाही. माणसांच्या आवाजातलं ज्योतीरामला कधी फारसं ऐकू यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी जयमाला त्याच्या आधीच येऊन बसली होती. ज्योतीरामने तळहात ठेवला, इंजिन थंड होतं. खाली टॉर्च मारली. ऑइलच्या टाकीला नवं पॅकिंग होतं आणि बोल्टांवरच्या पिवळ्या रेघा तुटलेल्या होत्या. म्हणजे खरंच खोललं होतं. सबंध इंजिन खाली घेऊन, उलटं करून. चार माणसांचं काम होतं ते.

मालोजीने खिशातून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि जयमालासमोर उघडलं. बेअरिंगच्या दोन अर्धगोल वाट्या होत्या, नारळाच्या करवंटीसारख्या वळलेल्या. आतला चकचकीत थर खरवडून गेला होता, मधे तांबूस दिसत होतं.

"बगा, ताई. तीन नंबरचं. ह्यांनी सांगितलं तेच. समदी नवी टाकल्यात आता."

जयमालाने वाटी हातात घेतली, बोट फिरवून बघितलं. "नुसत्या कानानं कळलं हे?"

"ह्यो कान पुण्यात एकच हाय," मालोजी म्हणाला.

तिने वाटी ज्योतीरामच्या हातात दिली. हाताच्या सवयीने त्याने ती उलटी केली. पाठीवर बारीक ठसा होता: ०२०, म्हणजे जाड मापाचं. असं बेअरिंग कधी घालतात, तर इंजिनाचा दांडा झिजला म्हणून एकदा घासून घेतलेला असेल तेव्हा. घासलेला दांडा बारीक होतो, म्हणून बेअरिंग जाड लागतं. आणि हे इंजिन तर आठ दिवसांपूर्वीपर्यंत कुणी उघडलेलंच नव्हतं. ही वाटी या इंजिनातली नव्हती. मागच्या भंगाराच्या ढिगातून आणलेली होती.

ज्योतीरामने वर पाहिलं. मालोजी पॅनलचं दार उघडत होता.

मशीन चालू झालं. पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. या वेळी दोन तास पूर्ण लोडवर चालवायचं ठरलं होतं. टाकीतलं पाणी हळूहळू वाफाळू लागलं. थोड्या वेळाने जयमालाला स्वयंपाकघरातून फोन आला आणि ती बोलत बोलत गेटपर्यंत गेली. शेडमध्ये दोघंच राहिले. ज्योतीराम उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसला होता. मालोजी त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. मशीनच्या आवाजात बोलायचं म्हणजे कानाशी वाकावं लागायचं. तो वाकला.

"प्रेशर चार हुतं, वस्ताद. त्या दिशी."

ज्योतीरामने मुठीतली वाटी पालथी केली.

"मग खोललंस कशाला?" त्याने विचारलं.

"तुमी म्हणला म्हणून." मालोजी म्हणाला. "मला वाटलं, काट्याला कळलं नसंल ते तुमच्या कानाला कळलं. शेवटची वाटी काढून हातात घेईपरेंत मला तुमचंच खरं वाटत हुतं. समद्या वाट्या नव्यागत निघाल्या."

"आणि ही?" ज्योतीरामने मुठीतलं बेअरिंग पुढे केलं.

"गिऱ्हाइकासमोर मिस्त्रीचा शब्द खाली पडू द्यायचा न्हाई. काय बोलायचं ते मागनं, एकट्यात." मालोजी सरळ उभा राहिला. "तुमीच शिकिवलंय. ते बोललो. झालं."

आणि तो टाकीतलं पाणी बघायला गेला.

ज्योतीराम डब्यावरच बसून राहिला. मालोजी चिडला असता तर बरं झालं असतं. चार लोकांत त्याचे वाभाडे काढले असते, पुन्हा दारात पाय ठेवू नको म्हणाला असता, तर त्याचा तिरस्कार करत पुढची वीस वर्षं सुखात गेली असती. पण नाही. जमीन त्याची होतीच, टाकीही त्याची झाली होती, आणि आता ज्योतीरामने स्वतः घालून दिलेला नियमही हा माणूस त्याच्यापेक्षा चांगला पाळत होता. ज्योतीरामचा मत्सर आजवर कधी इतका जळजळीत झाला नव्हता. आता रिपोर्टात 'बेअरिंग बदलले' लिहायचं, जयमालाकडून कौतुक ऐकायचं, आणि मालोजीने गप्प राहून दिलेली इज्जत मरेपर्यंत वापरायची. रोज सकाळी उठून, ही मालोजीने दिली, असं म्हणत.

ते त्याला नको होतं. मालोजीकडून एवढं तरी घ्यायचं नव्हतं.

दोन तास झाले. काटे जागचे हलले नव्हते. लोड काढून मशीन थोडा वेळ मोकळं चालवून मालोजीने बंद केलं, आणि शेडमध्ये एकदम शांतता झाली. जयमाला परत आली होती.

"झालं ना, काका? उद्या न्यायला टेंपो सांगू?"

ज्योतीरामने पिशवीतून रिपोर्टबुक काढलं. एक पान गिऱ्हाइकाला, एक पिवळं विकणाऱ्याला, एक बुकात, मधे कार्बन. त्याने मशीनचा नंबर लिहिला, तास लिहिले, लोडचे आकडे लिहिले. मग पहिल्या तपासणीचा रकाना आला. त्याच्यापुढे छापलेलं होतं: आढळलेले दोष. तिथे त्याने पेन इतकं दाबून चालवलं की खालच्या तिसऱ्या पानावरही अक्षर खोल उमटलं. पान फाडून त्याने जयमालाला दिलं, पिवळं मालोजीला.

जयमालाने चालता चालता वाचायला घेतलं आणि थांबली. मोठ्याने वाचू लागली.

"पहिल्या तपासणीत मशीनमध्ये कोणताही दोष नव्हता. तीन नंबरला आवाज असल्याचे मी खोटे सांगितले. मशीन तेव्हाही उत्तम होते." तिने मान वर केली. "हे काय आहे, काका?"

"जे झालं ते आहे."

"मग ते बेअरिंग?"

ज्योतीरामने खिशावर हात ठेवला. ते बेअरिंग तिथेच होतं. जयमालाचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"आठ दिवस मी भाड्याच्या मशीनवर काढलेत. रात्री झोप नाही, एक तारीख हुकते का काय म्हणून. आणि मी तुम्हाला हात जोडले होते." ती मालोजीकडे वळली. "भाऊ, तुम्हाला ठाऊक होतं?"

मालोजीने ज्योतीरामचे रिपोर्ट कधी वाचले नव्हते. घडी घालून वरच्या खिशात टाकायचे, एवढंच. आज तो शेडच्या दारात उजेडाला जाऊन उभा राहिला आणि पिवळं पान पहिल्या ओळीपासून वाचू लागला. त्याला वाचायला वेळ लागत होता. ओठ हलत होते. पानाच्या तळाशी पोहोचल्यावर त्याने ते उलटून पाठीमागेही बघितलं. मग परत आला. चेहऱ्यावर हसू नव्हतं आणि रागही नव्हता. त्याने ते पान ज्योतीरामसमोर डब्यावर ठेवलं आणि खाली रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"सही राह्यली, वस्ताद," तो म्हणाला.

ज्योतीरामने पेन पुन्हा उघडलं.